‘च’ला टोपी कोणी घातली?

रविवारी सकाळी भावाकडे पोहे खायला गेले, तर घरात रडारड चाललेली. भाची आठवीत आहे. तिनं आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीनं सुट्टीत स्वतःची एक भाषा काढली. दोनशे पानी वही आणली, शब्द भरले, आणि त्या भाषेत गेलेली पहिलीच चिठ्ठी अंगाशी आली.

“आत्या, मी तिला मैत्रीण लिहिलं, अन् ती म्हणून राहिली की मी तिला मांजर म्हटलं!”

वही उघडली. मैत्रीण: चारू. दोन पानं पुढे मांजर: चारू. “अगं, एकच शब्द दोनदा?” म्हटलं, तर पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या लेखी ते दोन शब्द होते. तिनं म्हणून दाखवले, आणि खरंच दोन होते. मैत्रिणीचा च ‘चारा’मधला, जिभेचं टोक दातांमागे टेकवून म्हटलेला. मांजरीचा च ‘चार’मधला, जीभ जरा मागे, टाळूला लागलेली. आमच्या घरात मराठी, त्यामुळे हे दोन च तिच्या कानात पाळण्यापासून वेगळे आहेत. मैत्रीण हिंदी घरची. तिच्याकडे च एकच, ‘चाय’मधला. तिनं वाचलं ते मांजरच.

आठवीतल्या पोरींचं भांडण म्हणून सोडून देण्यासारखं होतं. पण पोलंडमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरपुढे एकोणिसाव्या शतकात नेमके हेच दोन च उभे राहिले होते, आणि त्यानं एकाला टोपी घालून प्रश्न मिटवला. म्हणजे मिटवला असं त्याला वाटलं. सिनेमे, मालिका आणि व्हिडिओ गेम यांमुळे ‘अमक्यानं नवी भाषा तयार केली’ हे वाक्य आता आपल्याही कानावर येतं. २०१५च्या ‘बाहुबली’तल्या कालकेयांची किलिकी आठवत असेल, ती मदन कार्की यांनी रचली. पण भाषा तयार करतात म्हणजे नेमकं काय करतात? व्याकरण आणि शब्द नंतर. आधी आवाज ठरवावे लागतात, मग ते लिहायचे कसे हे ठरवावं लागतं. इथे चुकलं की मैत्रिणीची मांजर होते.

च-ची भाषा ही भाषा नव्हे

आपण लहानपणी च-ची भाषा बोललोच आहोत. शब्दाचं पहिलं व्यंजन काढून शेवटी न्यायचं, त्याच्या जागी च बसवायचा. पोहे म्हणजे चोहेप, जिलबी म्हणजे चिलबीज, ‘घरी जाऊ’ म्हणजे ‘चरीघ चाऊज’. भराभर बोललं की मोठ्यांना कळत नाही असं आपल्याला वाटायचं. (सगळं कळायचं. त्यांनीही लहानपणी तेच केलेलं होतं.)

पण ही भाषा नव्हे, मुखवटा आहे. खाली चेहरा मराठीचाच, आवाज मराठीचेच, व्याकरणही मराठीचंच. याच्या उलट बाजूचं उदाहरण बाराव्या शतकात जर्मनीत सापडतं. हिल्डेगार्ड नावाच्या मठाध्यक्षेनं स्वतःची तेवीस अक्षरं आणि सुमारे हजार शब्द रचले होते. शब्द नवे, पण ते गुंफायचे लॅटिनच्या व्याकरणात. आवाजापासून व्याकरणापर्यंत सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असेल, तर तिला रचित भाषा म्हणतात. आमच्या वहीतली भाषा त्या वाटेवर होती. तिला स्वतःचे शब्द होते, क्रियापदाला स्वतःचे प्रत्यय होते, आणि काही अक्षरांना बंदीही होती. ठ नाही. कारण? गणिताच्या बाईंचं आडनाव ठ-वरून सुरू होतं.

हसू आलं खरं, पण भाषा रचणारे जवळपास हेच करतात. काय ठेवायचं यापेक्षा काय नाकारायचं, हे ठरवण्यात त्यांचा अधिक वेळ जातो.

आवाज वेगळा, अक्षर वेगळं

इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल: स्वनिम. ज्या आवाजाच्या बदलानं शब्दाचा अर्थ बदलतो, तो त्या भाषेचा स्वनिम. दहाची नोट मळकी असो की कोरी, भाजीवाली ती दहाचीच धरते. नोट विसाची झाली तर मात्र हिशेब बदलतो. आवाजांचंही तसंच असतं. प्रत्येक माणूस प प्रत्येक वेळी थोडा वेगळा म्हणतो, त्यानं बिघडत काही नाही. पण प-चा फ झाला की ‘पळ’चं ‘फळ’ होतं.

कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. आमच्या इंदुरात हे रोज दिसतं. मराठीला ल आणि ळ वेगळे: पाल भिंतीवर, पाळ तलावाला, बाल आणि बाळ. प्रमाण हिंदीच्या हिशेबात ळ नाही. म्हणून ज्या घराण्यानं हे शहर नावारूपाला आणलं, त्याचं नाव आम्ही घरात ‘होळकर’ म्हणतो आणि रस्त्यावरच्या पाटीवर ‘होलकर’ वाचतो. कुणाचं चुकलेलं नाही. दोन भाषांचे गल्ले वेगळे, नाणी वेगळी.

आपली भाषा बोलताना हा हिशेब आपण करतच नाही, तो लहानपणी कानात होऊन गेलेला असतो. रचित भाषेत मात्र गल्ला रिकामा असतो. प्रत्येक नाणं बघून, वाजवून आत टाकावं लागतं.

मसाल्याच्या डब्यात वाट्या किती?

काही जण फार थोड्या वाट्यांवर स्वयंपाक भागवतात. कॅनडातल्या सोनिया लँग यांनी २००१ साली ‘टोकी पोना’ नावाची चिमुकली भाषा केली. तिच्यात एकूण चौदा आवाज आहेत. पाच स्वर, आणि व्यंजनं फक्त प, त, क, स, म, न, ल, व, य. ब नाही, ग नाही, र नाही, च-ची तर बातच सोडा. मूळ शब्द सव्वाशेच्या आसपास.

वाट्या मोजून झाल्या तरी काम संपत नाही, कारण कशावर काय चालेल हेही सांगावं लागतं. टोकी पोनात अक्षरसमूह साधा: एक व्यंजन, एक स्वर, फार तर शेवटी न. जोडाक्षर नाही. शिवाय काही जोड्यांना मनाई: ‘ती’ नाही, ‘यी’ नाही, ‘वू’ आणि ‘वो’ नाहीत. हे लहरीपणाचं वाटतं, पण कारणं आहेत. ‘यी’ आणि ‘ई’ यांतला फरक ऐकू येणं कठीण, हे कुणीही म्हणून बघावं. आणि पुढे इ आली की त घसरतो, हे बऱ्याच भाषांत घडतं. जपानी माणूस तिथे ‘ची’सारखं काहीतरी म्हणतो.

आता या डब्यात आपलं नाव घालून बघा. ‘इंदूर’मध्ये द चालत नाही म्हणून त, र चालत नाही म्हणून ल, आणि शब्द ल-वर संपायला बंदी म्हणून मागे एक स्वर. झालं ‘इन्तुलू’ असं काहीतरी. पुण्याला मात्र धक्का नाही, ‘पुणे’चं ‘पुने’ होऊन ते सुखरूप पोचतं. (पुणेकरांना यात आश्चर्य वाटणार नाही.) ‘मराठी’चं आधी ‘मालाती’ होईल, मग ‘ती’वर बंदी म्हणून ‘मालासी’. मालती नावाची बाई तिथे गेली तर तिचंही तेच होईल. वाट्या कमी केल्या की भाषा शिकायला सोपी होते, पण वेगवेगळ्या चवी एकमेकींत मिसळतात. हा व्यवहार फुकटात होत नाही.

परका आवाज, पण कोणाला परका?

दुसऱ्या टोकाला मुद्दाम अवघड केलेल्या भाषा आहेत. ‘स्टार ट्रेक’ सिनेमांतल्या परग्रहावरच्या लढवय्यांसाठी क्लिंगॉन रचणाऱ्या मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञापुढे काम असं होतं की माणसाच्याच तोंडातून निघेल पण माणसाची वाटणार नाही अशी भाषा करायची. तिचा कोश १९८५ साली निघाला. ओक्रँडनं युक्ती केली. जगातल्या भाषांत आवाज सहसा कुटुंबानं राहतात. आपल्या वर्णमालेत ट-शेजारी ठ, मग ड, ढ, ण, सगळे एका माडीवर. क्लिंगॉनमध्ये ड आहे आणि ट नाही. त्याच्या जोडीला इंग्रजीसारखा त आहे, तो वेगळ्याच जागी. कुटुंब मोडलं की ऐकणाऱ्याला काहीतरी विचित्र वाटतं, का ते मात्र सांगता येत नाही.

यातली गंमत मराठी माणसालाच कळेल. जो ड अमेरिकी प्रेक्षकाला परग्रहावरचा वाटला, तो आपण डाळ, डबा, डोकं म्हणताना दिवसभर वापरतो. क्लिंगॉनचा स म्हणजे जीभ वर वळवून म्हटलेला, म्हणजे आपला ष. तो आपण ‘भाषा’त लिहितो आणि बहुतेक जण श म्हणून मोकळे होतो. जो आवाज आपल्या जिभेवरून गेला, तो परग्रहवासी नीट म्हणतात, असं म्हणायचं! पॉल फ्रॉमर यांनी रचलेली ‘नावी’ भाषा २००९ साली ‘अवतार’ सिनेमातून पडद्यावर आली, तिच्यात र आणि ल हे स्वरासारखे वापरलेले आहेत. आपल्याकडे ऋ आणि ऌ तेच करायचे. ऌ आता ‘क्लृप्ती’पुरता उरलाय, बिचारा.

तेव्हा ‘विचित्र आवाजांची भाषा’ असं कुणी म्हणालं की विचारावं, विचित्र कोणाच्या कानाला?

टोपीची गोष्ट

आता डॉक्टरांकडे येऊ. एल. एल. झामेनहोफ यांचा जन्म १८५९चा, बियावस्तोक गावचा. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यूंची यिडिश, चार भाषा आणि चार गट. सगळ्यांची मिळून एक सोपी दुसरी भाषा असावी, या ध्यासातून त्यांनी १८८७ साली वॉर्सात एक छोटं पुस्तक काढलं. लेखक म्हणून टोपणनाव घेतलं ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे आशा धरणारा. भाषेला पुढे तेच नाव चिकटलं.

एस्पेरान्तोच्या व्याकरणाचे नियम सोळा. त्यातला नववा म्हणतो की शब्द लिहिलाय तसाच वाचायचा. दहावा म्हणतो, जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणून ‘एस्पेरान्तो’ म्हणताना जोर ‘रान’वर. अक्षरं अठ्ठावीस, आवाजही तितकेच, कुणाला दोन कामं नाहीत आणि कुणी बिनकामाचा नाही. इंग्रजीत सी कधी क होतो, कधी स, कधी एच-ला घेऊन च. तो खेळ इथे बंद.

पण रोमन लिपीत अक्षरं कमी पडली. डॉक्टरांना दोन्ही च हवे होते. ‘चारा’मधला आणि ‘चार’मधला. त्यांनी साधा सी दिला पहिल्याला. दुसऱ्यासाठी सी-च्या डोक्यावर छोटी टोपी ठेवली, आपल्या गणितातल्या कोनाच्या चिन्हासारखी, टोक वर. हा फरक शोभेचा नव्हता. बोडक्या सी-नं लिहिलेला ‘चेलो’, ज्याचा उच्चार ‘त्सेलो’सारखा, म्हणजे ध्येय. टोपीवाल्या सी-नं लिहिला तर पेशी किंवा कोठडी. आमच्या वहीतली मैत्रीण आणि मांजर, अगदी तीच जोडी!

मराठी शब्द घेऊन बघायचा तर ‘चिंच’ घ्या. पहिला च टाळूचा, दुसरा दातांचा. देवनागरीत दोघांचे कपडे एकच. एस्पेरान्तोत लिहायची झाली तर पहिला सी टोपी घालून येईल, दुसरा बोडका. चिंच या एका शब्दात जेवढं उच्चारशास्त्र आहे तेवढं शाळेच्या अख्ख्या व्याकरणात मला मिळालं नव्हतं.

सी-सारखीच टोपी जी, एच, जे आणि एस यांनाही मिळाली. टोपीवाला एस म्हणजे श, टोपीवाला जी म्हणजे ‘जेवण’मधला ज, बिनटोपीचा जे म्हणजे य. यू-ला टोपीऐवजी उलटी कमान, आपल्या चंद्रासारखी. क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अक्षरं मात्र घेतलीच नाहीत. एक्स बाहेर राहिला हे लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

खिळे कुठून आणायचे?

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. लाकडी केसमध्ये कप्पे, कप्प्यात शिशाचे खिळे, एकेक अक्षर उचलून उलट्या ओळी लावायच्या. छापखान्यात काम बहुतेक हिंदी, त्यामुळे ळ-चे खिळे मूठभर. लग्नसराईत मराठी पत्रिका आली की बाबांचं डोकं फिरायचं. स्थळ, वेळ, मंगळवार, सगळीकडे ळ! ते आधी आतला मजकूर छापून घ्यायचे, मग तो सोडवून तेच ळ पाकिटासाठी वापरायचे. एकदा घाईत तेवढाही वेळ मिळाला नाही आणि काळ्यांच्या घरची पत्रिका ‘काले परिवार’ म्हणून निघाली. त्यावरून झालेला आरडाओरडा बाबा सांगायचे तेव्हा हसत सांगायचे, पण त्या महिन्याच्या पगारातून कागदाचे पैसे कापले गेले होते.

ऱ्य-चंही तेच. ‘दुसऱ्या’तला तो आडवा र हिंदी केसमध्ये नसायचा, मग त्याच्या जागी रफार बसवायचा. आणि रफार बसवला की ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाला बोलवायच्या ऐवजी ‘आचार्यांना’ बोलावलं जातं.

एस्पेरान्तोवर हीच वेळ आली, फक्त जगभर. टोपी फ्रेंचमध्येही आहे, पण स्वरांवर. सी-वर, जी-वर, एच-वर टोपी असलेला खिळा कुठल्याच छापखान्यात तयार नव्हता, तो ओतून घ्यावा लागायचा. झामेनहोफना ही अडचण पहिल्यापासून दिसत होती. त्यांनी पळवाट देऊन ठेवली, ज्या छापखान्यात टोपी नसेल त्यानं अक्षरापुढे एच लावावा. म्हणजे सी-एच म्हणजे टोपीवाला सी. सोपं वाटतं. पण एच हे त्या भाषेत स्वतंत्र अक्षर आहे, ह-चं. विमानतळाला एस्पेरान्तोत ‘फ्लुगहावेनो’ म्हणतात, फ्लुग म्हणजे उड्डाण आणि हावेनो म्हणजे बंदर. तिथे जी-शेजारी एच आपोआप येतो. वाचणाऱ्यानं तो टोपीचा धरला तर विमानतळाचा ‘फ्लुजावेनो’ होईल. लिहिलं तसं वाचायचं हा नववा नियम, आणि पहिली पळवाटच त्याला छेद देणारी.

पुढे टंकयंत्रं आणि संगणक आले. बहुतेक कळफलकांवर टोपीची अक्षरं नव्हती, तेव्हा लोकांनी स्वतःच डोकं लढवलं आणि एच-ऐवजी एक्स वापरायला सुरुवात केली. एक्स त्या भाषेत कुठल्याच आवाजाला दिलेला नाही. रिकामटेकडा माणूस शिक्के मारायच्या कामाला बसवावा, तसं झालं. सी-एक्स दिसलं की टोपी समजायची, घोटाळा व्हायला जागाच नाही. दिसायला कुरूप, पण चोख. आता युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात टोपीची सगळी अक्षरं आहेत, तरी घाईच्या संदेशांत एक्स अजून दिसतो.

“टोपीबिपी कशाला? साधी अक्षरं नव्हती का?”

हा आक्षेप एस्पेरान्तोच्या लोकांनीही घेतला. १८९४ साली झामेनहोफनी स्वतःच सुधारणांचा मसुदा मांडला, त्यात टोप्या काढायचं होतं. एस्पेरान्तोच्या मासिकाच्या वर्गणीदारांनी मतदान करून तो फेटाळला. ज्यांनी कष्टानं भाषा शिकली होती, त्यांना पुन्हा शिकायची नव्हती. १९०७ साली एका गटानं टोप्या काढून ‘इदो’ नावाची सुधारित भाषा काढली. ती अजून आहे, पण एस्पेरान्तोइतकी पसरली नाही.

आणि टोपी पाहून मराठी वाचकानं नाक मुरडू नये. बॅट, बॉल, ॲप लिहिताना आपण काय करतो? इंग्रजीतला आवाज आपल्या बाराखडीत नव्हता, म्हणून अक्षराच्या डोक्यावर चंद्र ठेवला. इंदूरच्या हिंदी पेपरात ‘बैट’ छापतात, आपण ‘बॅट’. आपणही टोपी घातलीच आहे, फक्त ती अंगवळणी पडली म्हणून दिसत नाही.

“पण मराठी तर बोलतो तशीच लिहितात”

हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकते, आणि अभिमानानं सांगणाऱ्यालाच ‘चिंच’ म्हणायला लावावं असं हल्ली वाटतं.

इंग्रजीच्या मानानं आपलं बरंच बरं आहे, हे खरं. पण च, ज, झ यांना दोन-दोन आवाज आणि एकेकच अक्षर. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘नीट जग’ म्हणताना तोच ‘जग’ वेगळा वाजतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ एक नाही. अनुस्वार तर बहुरूपीच. संगममध्ये तो ङ, संतमध्ये न, संपमध्ये म, आणि ‘सिंह’मध्ये काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. ‘कमळ’मधल्या ळ-त अ लिहिलेला आहे, आपण तो म्हणत नाही. ज्ञ-ला घरी द्न्य म्हणतात आणि भाचीच्या शाळेत ग्य. ती घरी आली की ‘द्न्यान’ आणि गेटाबाहेर पडली की ‘ग्यान’.

आणि आपणही मधूनमधून नियम बदलत आलो आहोत. आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असायचं, न बोललेले अनुस्वार सगळीकडे शिंपडलेले. १९६२च्या लेखननियमांनी ते काढले. आजोबांनी शेवटपर्यंत ‘गांव’च लिहिलं. झामेनहोफच्या वर्गणीदारांची बाजू मला त्यांच्यामुळे कळते.

“मग अक्षरंच नवी काढावीत ना”

काढतात की. टोल्किन या इंग्रज भाषापंडितानं आपल्या रचित भाषांसाठी एक लिपी केली, तिची मांडणी पाहून मराठी माणूस चकित होतो. ओळी-रकाने उच्चाराच्या जागेप्रमाणे, आपल्या क-च-ट-त-प सारखे. स्वर व्यंजनांवर मात्रेसारखे बसतात. आणि एक पाऊल पुढे असं की त-च्या आकारात एक गोलाई वाढवली की द होतो, दांडी वर नेली की थ-सारखा आवाज. आकार पाहून आवाज ओळखता यावा. आपली वर्णमाला मांडणीत शास्त्रशुद्ध, पण आकार पाहून त आणि द सख्खे शेजारी आहेत हे कुणाला कळेल?

रचित भाषांबाहेरही हे होतं. संताळी खरीखुरी, लाखो लोकांची भाषा. तिच्यासाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली ‘ओल चिकी’ लिपी घडवली. संताळीत शब्दाच्या शेवटी अर्धवट दाबलेली व्यंजनं येतात, त्यांना बाकीच्या लिपींत नेमकी जागा नव्हती. इंदुरातून बस पकडून झाबुआ-अलीराजपूरकडे गेलं की भिली आणि भिलाली ऐकू येतात. त्या देवनागरीत लिहिताना प्रश्न तेच येतात. हिंदीला जो फरक दिसत नाही तो अक्षरात दाखवायचा का, कशानं, आणि लहान मुलाला तो मोबाइलवर टाइप करता येईल का? तिथे चुकलं तर प्रश्न एका चिठ्ठीपुरता राहत नाही, मूल स्वतःचीच भाषा पुस्तकात अडखळत वाचतं.

“नियम केले, पण लोक पाळतात का?”

कागदावरचे नियम पाळतात, जिभेचे हळूहळू सोडतात. एस्पेरान्तोतला टोपीवाला एच घशातून खरखरत येणारा, उर्दू ‘ख़बर’मधल्या ख़-सारखा. बऱ्याच जणांना तो जमेना. आर्किटेक्टचा शब्द आधी त्या अक्षरानं लिहीत, आता बहुतेक जण सरळ क-नं लिहितात. कुणी ठराव केला नाही. जिभांनी केला. घरात आईवडिलांकडून एस्पेरान्तो ऐकत मोठी झालेली मुलं आज आहेत, त्यांच्या तोंडी ती आणखी घासली जाईल. झामेनहोफना हे आवडलं असतं की नाही सांगता येत नाही, पण कुणाच्या तरी जिभेनं त्रास द्यायला लागणं ही भाषा जिवंत असल्याची बऱ्यापैकी खूण आहे, असं मला वाटतं.

हे सगळं मी त्या रविवारी भाचीला सांगितलं नाही. पोहे गार होत होते. फक्त एवढंच सांगितलं की एका डॉक्टरनं एका च-ला टोपी घातली होती. ती म्हणाली, “टोपी कशाला? मांजरीचा आहे ना?” आणि पेन्सिल घेऊन मांजरीच्या च-वर दोन टोकदार कान काढले. मग मैत्रिणीला फोन करून पंधरा मिनिटं च शिकवला. ‘चारा म्हण. नाही, जीभ पुढे. अगं, थुंकू नकोस.’ समझोता झाला.

मला राहवलं नाही. विचारलं, फोनवर कान कसे टाइप करशील?

उत्तर बुधवारी संध्याकाळी मेसेजवर आलं. आधी वाटलं, चुकून बोट लागलं असेल. मग आठवलं, त्यांच्या भाषेत ठ कुठेच नाही.

“आत्या, चठारू पोह्यांवरची शेव खाऊन राहिली.”